पिंपातली मोटर

उमरखेडला आमच्या गल्लीत नळ चार-चार दिवस येत नसे. आला की प्रत्येक घरी पहिली घागर पिण्यासाठी भरली जाई. सुदामकाकांच्या घरी मात्र पहिलं पाणी मोटरीला. त्यांच्या अंगणात एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्याच्या काठाला नावेची छोटी मोटर आवळून बसवलेली होती. पंखा पाण्यात, डोकं बाहेर. दुरून वाटायचं, कुणी जाडा माणूस पिंपात उतरून काठावर हनुवटी टेकून बसलाय. काका दोरी ओढत. मोटर खोकायची, निळा धूर सोडायची, अंगणभर पाणी उडवायची आणि जरा वेळाने गप्प व्हायची.

"माणसाले प्याले पाणी नाई, अन् हा बाप्पा मोटरीले आंघोळ घालून राह्यला!" समोरच्या कुसुमकाकू ओट्यावरून ओरडायच्या.

"आंघोळ नाई, कुसुमबाई, ते पाणी पेते," काका शांतपणे सांगायचे. "नाई भेटलं तं आतून जळते. तुमच्या-आमच्यासारखंच हाये तिचं."

काकू आणखी पुष्कळ बोलल्या असत्या, पण त्यांना जपून बोलावं लागे. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. ज्यांची शेती होती त्यांनी वेचलेला कापूस विकला नाही, आज ना उद्या भाव चढेल म्हणून घरात भरून ठेवला. कुसुमकाकूंच्या घरी जागा उरली नाही तेव्हा तो काकांच्या मागच्या दोन खोल्यांत गेला, छताला टेकला. काका एकटेच राहत, त्यांना जागा कितीशी लागणार. ज्याच्या घरात आपला वर्षभराचा कापूस आहे, त्याला माणूस किती शिव्या देईल?

सुदामकाका धंद्याने शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. आमच्या इंग्रजी शाळेचे गणवेश तेच शिवायचे. माझा पहिला पिनाफोर त्यांनी शिवला तेव्हापासून ते मला 'मिस' म्हणत. कॉलेज संपवून मी नागपूरहून परत आले तरी म्हणत. मी फारशी बोलत नाही. लोकांना ते शिष्टपणाचं वाटतं. काकांना कधी वाटलं नाही. माप देणारा माणूस गप्पच उभा राहिलेला बरा, असं त्यांचं मत होतं.

शिंप्याकडे नावेची मोटर कशी आली, हे नवीन माणूस विचारतोच. धरणाच्या पाण्यावर मासळीचा एक ठेकेदार होता. त्याच्या नावेची ताडपत्री काका शिवून देत आणि शिवताना मोटरीची चौकशी करत: ही काय खाते, ही काय पिते, हिला झोप कशी लागते. ठेका सोडून जाताना ठेकेदार नाव आणि मोटर त्यांना देऊनच गेला. म्हणाला, "माझ्या बायकोचीसुद्धा कुणी एवढी विचारपूस केली नाही."

मोटरीबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. ते वाचून मराठीत सांगणं, हे माझं काम झालं. नोकरीच्या जाहिराती पाहून झाल्या की मी दुपारी दुकानात जाऊन बसायची. शेवटच्या पानांवर बिघाड आणि त्यांची कारणं होती. पहिलाच प्रश्न असा की, मोटर सुरूच होत नाही, का सुरू होऊन बंद पडते?

काकांनी कात्री खाली ठेवली. "अजून एकदा वाच, मिस."

मी वाचलं.

"वा! हे दोन वेगळे रोग हायेत न! अन् आपण सगळ्याले एकच म्हणतो, बिघडलं."

त्या दिवसापासून जगातल्या कुठल्याही तक्रारीवर काकांचा हा पहिला प्रश्न असे. कुणाचे गुडघे दुखत, कुणाची सून नांदत नसे, कुणाचा मुलगा अभ्यास करत नसे. "थांबा. सुरूच होत नाई, का सुरू होऊन बंद पडते?" कुसुमकाकू रोज संध्याकाळी आपला कापूस बघून जात आणि सुस्कारा टाकत, "भाव काही उठून नाई राह्यला, भाऊ."

"सुरूच नाई झाला, का होऊन बंद पडला?"

"दिवाळीच्या टायमाले जरासा उठला होता. मंग बसला."

"मंग टाकीतच गडबड हाये. आपण वरून किती दोरी ओढली तरी फायदा नाई."

काकू विचारात पडून घरी जात. काहीतरी कळल्यासारखं वाटे, पण काय ते सांगता येत नसे.

मलाही हा प्रश्न लागू झाला. मला बघायला पाहुणे येत. मी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं व्यवस्थित देई आणि मग माझा आवाज आत कुठेतरी जाऊन बसे. एकदा आई मला घेऊन ब्लाउज शिवायला टाकायला गेली आणि तिथेच तिने रडगाणं सुरू केलं. काकांनी माझ्या खांद्यावर टेप धरली होती.

"म्हंजे सुरू होऊन बंद पडते न? मंग इंजिन एकदम चांगलं हाये, वहिनी. हवेचा स्क्रू बंद असन."

आईला समजेना. काकांनी पिंपाजवळ नेऊन दाखवलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की पेट्रोल जाईल तशी आत हवा येते. आवळलेला राहिला तर मोटर आधी छान चालते आणि मग गुदमरून थांबते. "टाकी भरलेली, अन् मोटर उपाशी," काका म्हणाले. "मोठी मोठी माणसं प्लग बदलतात, कार्बोरेटर बदलतात. हे एवढुसं कोणी पाहत नाई."

मी पिंपातल्या पाण्याकडे बघत राहिले. पण ते वाक्य पुढे बरेच दिवस माझ्याजवळ राहिलं.

काकांच्या मोटरीचा रोग तोच होता, सुरू होऊन बंद पडण्याचा. हवेचा स्क्रू मात्र उघडा होता. पेट्रोल जुनं झालं असेल म्हणून ते हुंगून पाहत, त्यात पाणी असेल म्हणून काचेच्या बाटलीत रात्रभर स्थिर ठेवत आणि सकाळी उजेडात धरून थर दिसतो का ते निरखत. ऑईलचं माप औषधासारखं घालत. मोटर सुरू व्हायची, खूश करायची आणि थांबायची. थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा थांबायची. गावात स्कूटरचे दोन-तीन मेकॅनिक होते. त्यांना काका हात लावू देत नसत. "रस्त्यावरचा डॉक्टर पाण्यातल्या पेशंटले कायले पाहिजे?"

मधून मधून ते मोटर एका जुन्या शालीत गुंडाळून, खांद्यावर टाकून, एसटीने धरणाकाठी घेऊन जात. तिथे, त्यांच्या जुन्या गावाच्या काठाला, बाभळीला बांधलेली नाव होती. त्या गाडीचा कंडक्टर त्यांच्या ओळखीचा. "काका, पेशंटले खिडकीपाशी बसवता काय? गाडी लागत असन तिले!" आख्खी बस हसायची. काका शालीचं टोक नीट करायचे. संध्याकाळी परत येताना त्यांच्या हातांना फोड आलेले असत, म्हणजे मोटर मधेच थांबली होती आणि ते वल्हवत परतले होते.

हे सगळं कशासाठी, ते मला कुसुमकाकूंनी सांगितलं.

काकांच्या जुन्या गावासमोर, पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर सावरगाव. काकांची एकुलती एक बहीण वच्छला तिथे दिलेली. धरण नव्हतं तेव्हा उन्हाळ्यात नदी चालत ओलांडता यायची. पावसाळ्यात अलीकडून हाक मारली की पलीकडे धुणं धुणारी वच्छला ओ द्यायची. मग पाणी अडलं, पसरलं, आणि हाक पोचेनाशी झाली. रस्त्याने जायचं तर लांबचा पूल, दोन एसट्या बदला, अर्धा दिवस जातो.

वच्छलाबाईंच्या मोठ्या मुलीचं, सुनंदाचं लग्न होतं तेव्हा काका मोठ्या ऐटीत मोटर लावून निघाले. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने. शिवाय नवरीचा ब्लाउज काकांनी स्वतः शिवलेला, तो त्यांच्याजवळच पिशवीत. मधल्या पाण्यात मोटर बंद पडली. मुहूर्त टळेल म्हणून दुसऱ्याच कुणाला तरी मामा करून नवरी उभी केली गेली. वच्छलाबाईंचे यजमान, म्हणजे दाजी, भर मांडवात बोलले, "मोटर-फिटर सगळं खोटं हाये. मानपान करा लागते म्हणून माणूस घरी बसला."

काका त्यानंतर सावरगावला गेले नाहीत. गल्लीतले सगळे सांगून थकले की बसने जा, भेटून या.

"बसनं तं कोणीबी जाते," काका म्हणत. "बसनं गेलो तं दाजी म्हणन, पाहा, मोटर कधी नव्हतीच. मी मोटरीनंच जाईन. सगळ्या गावाले आवाज आयकू गेला पाहिजे." मग मशीनवर वाकून, "येक डाव भेटलं पाहिजे तिले," हे इतक्या हळू की चाकाच्या आवाजात विरून जाई.

सुनंदाचा तो ब्लाउज कापडी पिशवीत, दुकानातल्या खुंटीवर तसाच होता.

एका दुपारी कंडक्टर दुकानात आला. दाराशी उभं राहूनच म्हणाला, "काका, सावरगावची बाई भेटली होती स्टँडवर. तुमची बहीण. म्हणाली, दादाले सांगा, रेखीचं लग्न हाये, येत्या पुनवेले."

काकांनी मशीन थांबवलं. "'या' म्हणाली काय?"

"नाई बा."

"'येऊ नका' म्हणाली?"

"तेही नाई. एवढंच बोलली अन् गाडीत बसली."

काकांनी हातातलं कापड बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस, हे सुरू होऊन बंद पडलेलं आमंत्रण हाये. पुस्तक काढ."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्बोरेटर उघडला. कापड बेतायच्या टेबलावर जुनी चादर पसरली. मी वाचत होते, काका सोडवत होते. प्रत्येक स्क्रू त्यांनी बटणांसारखा रांगेत मांडला. आत पितळेचा एक छोटा भाग होता, जेट. त्याच्या मधल्या बारीक छिद्रातून पेट्रोल इंजिनात जातं. काकांनी तो उजेडात धरला. छिद्र दिसेना. त्यांनी सगळ्यात बारीक सुई घेतली आणि टाका उसवावा तसं अलगद काहीतरी बाहेर ओढलं.

पांढरं होतं. खालच्या वाटीतही तसंच साचलेलं होतं, पेट्रोलमध्ये भिजलेलं. काकांनी ते दोन बोटांत धरून ओढून पाहिलं, चोळलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"कापूस हाये," ते म्हणाले. "आपल्या इकडचाच."

कुणालाच काही विचारावं लागलं नाही, कारण नरसाळं समोरच होतं. टाकीत कचरा जाऊ नये म्हणून काका पहिल्या दिवसापासून नरसाळ्याच्या तोंडाशी कापसाचा बोळा दाबून पेट्रोल गाळत. मोटर जितकी बंद पडे तितका बोळा जाड होई. अलीकडे तर मागच्या खोल्याच भरलेल्या होत्या. हात घातला की बोळा.

"म्हंजे माह्या कापसानं तुमची मोटर बिघडवली म्हणा!" कुसुमकाकू दारातून म्हणाल्या. "माह्यावरच ढकला सगळं!"

"तुमचा कायले? त्या लग्नाच्या टायमाले तुमचा कापूस कुठं होता," काका म्हणाले. "मीच घातला. लयच काळजी घेतली न मी."

मग त्यांनी एक रिकामी काडेपेटी आणली आणि तो भिजका कापूस तिच्यात वाळत ठेवला. "हे दाजीले दाखवा लागते. पाह्य मिस, कसं होत असन. मोटर चालते तसा हा धागा वर ओढल्या जाते अन् भोक बुजवते. मोटर थांबली की धागा सुटून खाली बसते. म्हणून घडीभरानं पुन्हा सुरू होते." हे ते पुढचे काही दिवस प्रत्येकाला समजावून सांगत होते. मला ऐकता ऐकता एकदा वाटलं, घडीभराने पुन्हा सुरू होते, तर मग त्या दिवशीही... पण मी विचारलं नाही. मी विचारत नाहीच.

पेट्रोल आता तारेच्या जाळीतून गाळलं जाऊ लागलं. पिंपातली मोटर थांबायचं नाव घेईना. अंगण, ओटा, कुसुमकाकूंचं वाळवण, सगळं भिजलं. काकांनी धाकट्या भाचीच्या, रेखाच्या ब्लाउजचं कापड आणलं. तिला त्यांनी परकरी पोर असताना पाहिलेलं, माप माहीत नव्हतं. त्यांनी अंदाजाने बेतला आणि आतून भरपूर माया सोडली, म्हणजे तिथल्या तिथे उसवून सैल करता यावा. मग खुंटीवरची पिशवी काढली आणि सुनंदाचा ब्लाउज नव्या ब्लाउजखाली घडी करून ठेवला.

पुनवेच्या सकाळी आम्ही निघालो. पुस्तक लागेल म्हणून मी. मी एकटी कशी जाणार म्हणून कुसुमकाकू. त्यांना पाण्याची भीती वाटत होती, म्हणून त्या जास्तच बोलत होत्या. काकांनी पांढरा सदरा घातला होता. हवेचा स्क्रू सैल केला, चोक ओढला, दोरी ओढली. मोटरीने एकदाच खोकून सूर धरला आणि बाभळ मागे पडू लागली.

इतकी वर्षं पिंपात गोल गोल फिरणारं पाणी मी पाहिलं होतं. आता ते मागे लांबच लांब पसरत जात होतं. काका एका हाताने दांडा धरून समोर बघत होते. हसत नव्हते. कुसुमकाकूसुद्धा डोक्यावरचा पदर धरून म्हणाल्या, "चालते बाप्पा. खरंच चालते."

पलीकडचा मांडव दिसायला लागला. वाऱ्याबरोबर बँडचा आवाज तुटक तुटक येत होता. आणि मोटर थांबली.

"पडली न बंद!" काकू ओरडल्या. "मी म्हणलं नव्हतं? आता बसा इथंच!"

मी झाकणाकडे पाहिलं. स्क्रू उघडा होता. पेट्रोलची तोटी उघडी होती, टाकी अर्ध्यावर होती. मग मला काकांचा अंगठा दिसला. मोटर थांबवायचं लाल बटण असतं, तो अजून त्याच्यावरच होता.

नाव वाऱ्यावर हळूहळू वळत होती. बँड थांबला, पुन्हा सुरू झाला.

"इथंच," काका म्हणाले. "त्या दिवशीबी इथंच."

कधी नव्हे ते मी न विचारता बोलले. "काका, सुरूच होत नाही, का सुरू होऊन बंद पडते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "मिस, तुह्या पुस्तकात याच्यावर काही लिहलेलं नसन."

"नाही," मी म्हणाले, आणि दोरीची मूठ त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती मुठीत आवळून धरली. मग ओढली.

काठावर एक बाई उभी होती. बाकी सगळं गाव मांडवात होतं. नवं कोरं लुगडं, हातांना हळद, आणि पाय पाण्यात. काका नावेतून उतरले तेव्हा तिने पुढे होऊन नावेचं टोक धरलं, जसं काही हे तिचं रोजचं काम होतं. दोघांनी एकमेकांच्या केसांकडे पाहिलं. दोघांचेही पांढरे झाले होते.

काकांनी घाईघाईने खिशातून काडेपेटी काढली. "वच्छे, हे पाह्य. हा धागा. मोटर चालते तसा हा वर जाते न, अन् भोक..."

तिने काडेपेटीकडे पाहिलंच नाही.

"त्या दिवशी तुही मोटर दोनदा वाजली, दादा," ती म्हणाली. "एकदा येताना, एकदा परत जाताना. मी इथंच उभी होती."



"अक्षता पडल्याचा बँड आयकला असन तू. मंग उशीर झाला म्हणून लाजला असशीन." तिने डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "मी कोणाले सांगतलं नाई. मोटर बंदच पडली, हेच सांगत आली. तुह्या दाजीले खोटं वाटे. वाटू दे म्हणलं."

मांडवातून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "नवरीचे मामा कुठं हायेत? मामाले बोलवा!"

वच्छलाबाईंनी काकांच्या काखेतली पिशवी ओढून घेतली. "चाल लवकर. पोरगी पोलकं घालाची थांबली हाये. सकाळपासून सगळे तिले बोलून राह्यले, पण ते म्हणते, मामाचं येऊ द्या."

काका पांढऱ्या सदऱ्याला हात पुसत तिच्या मागे निघाले. दोन पावलं ती पुढे, मग थांबून दोन पावलं त्यांच्याबरोबर.

काडेपेटी नावेच्या फळीवर उघडीच राहिली होती. कुसुमकाकूंनी ती उचलली, आतला कापूस बोटाने जरा हलवून पाहिला आणि फुंकर मारून पाण्यावर सोडून दिला.